तिरुवनंतपुरमचं गोल कॉफी हाऊस आणि आमचं वर्ध्याचं घर

तिरुवनंतपुरम सेंट्रल स्टेशनातून बाहेर आलं की समोरच तंपानूरचा बस स्टँड, आणि त्याला लागून एक लाल गोल बुरूज उभा आहे. बुरुजाला सगळीकडून चौकोनी भोकं, आणि ती भोकं सरळ आडव्या ओळीत नाहीत, गोल फिरत फिरत तिरकी वर चढत गेलीयेत. हेच इंडियन कॉफी हाऊस. आम्ही कन्याकुमारीहून परत येताना मधे दुपारी थोडा वेळ मोकळा होता म्हणून तिथं गेलो, आणि मी खरं तर खाण्यापिण्याचा रिव्ह्यू लिहिणार होते, पण लिहायला बसले तर सगळं त्या इमारतीबद्दलच येतंय, त्यामुळं ज्यांना फक्त मेनू हवाय त्यांनी शेवटाकडं जावं.

सोबत आई होती. वय ६८, दोन्ही गुडघे दुखरे, आणि आयुष्य सगळं वर्ध्यात गेलेलं. दारातून आत पाऊल टाकलं, वर बघितलं आणि म्हणाली, "हे तं उलटी विहीर दिसते बाप्पा!"

आणि खरंच तसंच आहे. आत मजले नाहीतच. दारापासून एक उतार सुरू होतो आणि मधल्या गोल गाभ्याभोवती फिरत फिरत थेट वरपर्यंत जातो, बाहेरच्या भिंतीला लागून टेबलं आणि बाक, तेही बांधीव, म्हणजे खुर्ची ओढली, सरकवली असला प्रकारच नाही. मधल्या गाभ्यात टॉयलेट वगैरे सोयी. जमीन चढती आहे पण टेबल आणि बाक सपाट, त्यामुळं कप कलत नाही. आई म्हणाली खालीच बसू, मग खाली जागा नव्हती म्हणून हळूहळू एक फेरा चढलो, पायरी नसल्यामुळं तिला तेवढं जमलं, जिन्याला ती कधीच तयार झाली नसती.

आम्ही बसलो ती वेळ दुपारी दीडची. बाहेर तो समुद्राकाठचा चिकट उकाडा, स्टेशनपासून तिथवर येईस्तोवर माझी ओढणी पाठीला चिकटलेली. आत एसी नाही. पण बाकावर बसल्यावर डाव्या खांद्याला त्या भोकातून वारा लागत होता. जोराचा नाही, सतत. आणि उजेड पण असा की टेबलावर लहान लहान चौकोनी तुकडे पडलेले, आईच्या हातावर एक, पाण्याच्या ग्लासावर एक, आणि तरी डोळ्यावर ऊन नाही. बाहेर बसचे हॉर्न, लोकांची गर्दी, रिक्षा, ते सगळं दिसतंय पण आपण त्याच्यापासून थोडं बाजूला. मी तिथं दहा मिनिटं काही न बोलता नुसती बसून होते.

ही इमारत आर्किटेक्ट लॉरी बेकर यांनी केली. जन्म १९१७, इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. दुसऱ्या महायुद्धात चीनमधे जखमी लोकांची सेवा करायला गेले होते, तिथून परत जाताना मुंबईत बोटीची वाट बघत थांबावं लागलं आणि त्या दिवसांत त्यांची गांधीजींशी भेट झाली. पायात त्यांनी स्वतः कापडाचे तुकडे शिवून केलेले बूट होते, ते गांधीजींच्या नजरेत भरले, असं सांगतात. गांधीजींचं म्हणणं त्यांनी जन्मभर धरून ठेवलं, की गावातलं आदर्श घर हे आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातूनच बांधलेलं असावं. १९४५ ला कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडून ते भारतात आले आणि मग इथलेच झाले. लग्न डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी, मग बरीच वर्षं हिमालयात पिथौरागडला दवाखाना आणि बांधकाम दोन्ही, आणि पुढं केरळ. २००७ ला तिरुवनंतपुरमलाच वारले. १९९० ला पद्मश्री मिळाली होती.

वर्धेकर माणसाला हे ऐकून काय वाटतं ते मी सांगू शकते. सेवाग्राम आमच्या घरापासून आठ किलोमीटर. लहानपणी शाळेची प्रत्येक सहल तिथंच, त्यामुळं बापू कुटी म्हणजे आमच्यासाठी डबा खायची जागा. मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, बांबू, चटई, भर मे महिन्यात आत शिरलं की डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायचं. ती कुटी मीराबेननी स्वतःसाठी बांधली होती, नंतर बापू तिथं राहायला आले. हजारो वेळा बघितलेली गोष्ट, पण यामागं कुणीतरी नीट डोकं लावलंय, ऊन कुठून येतं, वारा कुठून येतो, सामान कुठून आणायचं, पैसे कुणाच्या खिशातून जाणार, हे सगळं मनात धरून कुणीतरी घर उभं केलंय हे मला तंपानूरला कॉफी पिताना कळलं. आपल्याकडं एवढ्या जवळ असून कळलं नव्हतं.

आता त्या भोकांबद्दल. त्याला जाळी म्हणतात, विटा रचताना मधे मधे जागा सोडायची. बेकरांचा हिशेब फार साधा होता. खिडकी म्हटलं की लाकडाची चौकट आली, पल्ले आले, काच आली, चोर येऊ नये म्हणून लोखंडी गज आले, आणि मग ऊन येतं म्हणून पडदा. यातली प्रत्येक गोष्ट विटेपेक्षा महाग. जाळीत उजेड, वारा, सुरक्षितता तिन्ही एकाच कामात होतं आणि वापरायचं काय तर वीटच. केरळात हवा दमट, तिथं माणसाला आराम मिळतो तो घामावरून वारा फिरल्यावर, म्हणून भिंतच श्वास घेणारी केली. आणि जागा अडचणीची होती, बस स्टँडच्या बाजूचा तुकडा, तर आडवं पसरण्यापेक्षा फिरवत वर नेलं. बघायला गेलं तर ही इमारत अगदी वेगळी, पण तिथं काहीही उगाच वेगळं दिसावं म्हणून केलेलं नाही, प्रत्येक गोष्टीला कारण विचारलं तर उत्तर मिळतं.

आणि ही जागा कुणासाठी आहे तेही बघा. शेजारच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ मल्याळम पेपर वाचत एकटेच कॉफी घेत होते, पलीकडं कॉलेजच्या चार पोरी, वरच्या फेऱ्यावर एक कुटुंब चार मोठ्या बॅगांसकट. सगळे बस नाहीतर ट्रेनची वाट बघणारे. हे कॉफी हाऊस कामगारांच्या सहकारी सोसायटीचं आहे. सरकारी कॉफी बोर्डानं आपली कॉफी हाऊसं बंद करायला घेतली तेव्हा कामगार रस्त्यावर यायची वेळ आली, मग कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी पुढाकार घेतला आणि कामगारांनी सोसायट्या काढून ती स्वतःच चालवायला घेतली, केरळातलं पहिलं १९५८ ला त्रिशूरला. म्हणजे जे वाढतात त्यांचंच हॉटेल. पांढरा ड्रेस, कमरेला रुंद पट्टा आणि डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला फेटा. ती सहकारी सोसायटी आणि ही काटकसरीची इमारत मला एकमेकांना फार शोभून दिसली. साखर कारखाने आणि दूध संघ बघत मोठे झालेलो आपण, सहकार म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण एक गोष्ट मला टोचली आणि ती लिहिते. आमचं टेबल बघणारे काका पन्नाशीच्या पुढचे असतील. आम्ही तासभर बसलो तेवढ्यात ते किमान पंधरा वेळा हातात ट्रे घेऊन वर गेले आणि खाली आले. गिऱ्हाईक एकदा चढतं, तेही मजेत. वाढणारा माणूस दिवसभर चढतो. आईनंच मला ते दाखवलं, "आपले गुडघे सांभाळले, या भावाचे कोन सांभाळन?" मी बेकरांना मनापासून मानते, तरी हा प्रश्न त्या इमारतीत शिल्लक राहिलाय असं मला वाटतं. कुठल्याही इमारतीत येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तिथं राबणाऱ्याचं शरीर पण मोजलं पाहिजे. आणि ज्यांचे गुडघे आईपेक्षा जास्त दुखतात त्यांनी थोडं थांबून खालचंच टेबल मिळवावं, पायऱ्या नसल्या तरी चढ सलग आहे, मधे सपाट टप्पा मिळेल असं समजू नका. बाक पण जागेवर पक्के असल्यामुळं अंगानं जाड माणसाला थोडं अवघडून बसावं लागतं.

दुसऱ्या दिवसाची गाडी होती म्हणून सकाळी उल्लूरला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज या संशोधन संस्थेचा कॅम्पस पण बघून आले, हे पण बेकरांचंच, १९७० च्या दशकातलं. टेकडीच्या उतारावर झाडं आहेत तिथंच ठेवून त्यांच्या मधून भिंती वळवत नेल्यात. जमीन सपाट करायला जेसीबी लावायचा आणि मग नवीन झाडं लावून फोटो काढायचे हे आपल्या प्रत्येक नव्या स्कीममधे चालतं, ते बघून झालेल्या डोळ्यांना ती वळणारी भिंत बघताना फार बरं वाटलं.

आता घराचं. हे सगळं मी एवढं का लिहितेय तर आमचं वर्ध्याचं जुनं कवेलूचं घर पाडून नवीन बांधायचं तेव्हा चाललं होतं. त्याआधी एका आर्किटेक्टकडून (नाव देत नाही) प्लॅन करून घेतला होता. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र सुंदर होतं, समोर पश्चिमेला उंचच्या उंच काच, बाजूला चकचकीत पॅनल. मी विचारलं की मे महिन्यात वर्ध्यात पंचेचाळीसच्या पुढं पारा जातो, दुपारचं ऊन सगळं या काचेवर येईल, आईनं राहायचं कसं. उत्तर आलं की प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट दिलाय. लाइट गेली तर? तर इन्व्हर्टर. एका बाईला निवांत झोप लागावी यासाठी आधी घर तापवायचं आणि मग ते गार करायला आयुष्यभर बिल भरायचं. त्या माणसाचं काम वाईट होतं असं मी म्हणत नाही, त्यानं हाच प्लॅन दहा जणांना दिला असेल आणि दहाही जण खूष असतील. पण त्यात वर्धा कुठंच नव्हतं, आणि आई पण नव्हती.

परत आल्यावर मी दुसरी आर्किटेक्ट शोधली, नागपूरची तरुण पोरगी, आणि मोठ्या उत्साहानं तिला कॉफी हाऊसचे फोटो दाखवून म्हटलं मला अशी सगळीकडून जाळी पाहिजे. ती सरळ नाही म्हणाली. म्हणाली ताई, तिथं दमट हवा, इथं लू चालते, दुपारी बाराला ती लू जाळीतून आत घेतली तर काकू भाजून निघतील. आपल्याकडं उन्हाळ्यात दिवसभर घर बंद ठेवायचं असतं आणि रात्री उघडायचं, म्हणून आपल्याला भिंत जाड पाहिजे, पोकळी असलेली पाहिजे. मला एकदम बापू कुटी आठवली. सामान पाच मैलांतलं आणि हवा पण पाच मैलांतली धरायची, एवढं साधं मला कळलं नव्हतं.

मग तिनं रॅट ट्रॅप बाँड सुचवलं, हे पण बेकरांनीच आपल्याकडं रुजवलेलं. नेहमीच्या भिंतीत वीट आडवी झोपवतात, यात ती कडेवर उभी करतात, आतली रांग आणि बाहेरची रांग यांच्यामधे पोकळी राहते. भिंत नऊ इंचीच होते पण विटा साधारण २५ टक्के कमी लागतात, सिमेंटचा माल पण कमी, आणि आतल्या हवेमुळं बाहेरची उष्णता आत यायला वेळ लागतो. वीट भाजायला जळण लागतं आणि जगभरातल्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचाच वाटा ७ ते ८ टक्के धरतात, त्यामुळं एका घरात चौथा हिस्सा वीट वाचवणं ही लहान गोष्ट नाही.

आमचे मिस्त्री ऐकूनच उठून उभे राहिले. "उभी वीट लावली तं भिंत फाटन बाई, मंग नाव माह्यं जाईन." तेव्हा त्या पोरीनं वाद घातला नाही. अंगणात तीन फूट उंचीची नमुन्याची भिंत त्यांच्याच हातून बांधून घेतली, आठ दिवस पाणी मारलं आणि मग म्हणाली काका, आता लाथ मारा. त्यांनी खांदा लावला, लाथ मारली, वर चढून उभे राहिले. भिंत जागची हलली नाही. नवव्या दिवशी काम सुरू झालं. आर्किटेक्टचं काम ऑफिसमधे बसून चित्र काढायचं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते तीन फूट बघायला पाहिजे होते.

अडचणी आल्याच. आपल्या भट्टीच्या विटा एका मापाच्या नसतात आणि या भिंतीला मापात थोडा फरक पडला तरी ओळ बिघडते, म्हणून दोन बायका फक्त विटा निवडायला ठेवाव्या लागल्या. वायरिंगचे पाइप आधीच ठरवून भिंतीत टाकायला लागतात, नंतर झिरी मारायची सोय नाही, विटेलाच भोक पडतं. एका ठिकाणी फ्रिजचा पॉइंट विसरला तो आता कायमचा वरून पट्टीत नेलाय. कोपरे, दारखिडक्यांच्या बाजू भरीव बांधाव्या लागतात. स्लॅबमधे खालच्या बाजूला जुन्या घराची कवेलू घातली, कारण तिथलं काँक्रीट भार घेत नाही, भार लोखंड घेतं, तर तिथं नुसतं सिमेंट कशाला ओतायचं. आता आई खाटेवर पडून वर बघते तर तिच्या सासऱ्यांनी बसवलेली कवेलू दिसतात. पैसे किती वाचले असं सगळे विचारतात, तर सामानात बरेच वाचले, पण मिस्त्रीला शिकायला वेळ लागला तेवढी मजुरी वाढली, त्यामुळं फार स्वस्तात झालं असं मी सांगणार नाही.

आणि जाळी? जाळी आहे, एकाच ठिकाणी. कूलर लावणाऱ्या प्रत्येक विदर्भवाल्याला माहीत आहे की कूलर चालतो पण आतली हवा बाहेर गेली नाही तर खोली नुसती ओली दमट होते, मग आपण दार किलकिलं ठेवतो आणि तिथून लू आत. तर त्या पोरीनं कूलरच्या खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीत, अगदी वर छताजवळ, उत्तरेला, दोन फूट उंचीची विटांची जाळी दिली, आतून डासांची बारीक जाळी मारून. कूलरचा वारा खोलीतून फिरून तिथून बाहेर. पावसाळ्यात पाणी आत येऊ नये म्हणून वर छज्जा. धूळ साचते, महिन्याला ब्रश फिरवावा लागतो, एवढाच त्रास. मागच्या मे महिन्यात आईनं सगळ्या दुपारी कूलरवरच काढल्या, एसी घेतलाच नाही.

हां तर खाणं. कटलेट मागवा, आत बीट असतं, लाल भडक, वरून कुरकुरीत, सोबत सॉस. मसाला डोशात पण बीट घालतात, आपल्या पिवळ्या बटाट्याच्या भाजीची सवय असेल तर पहिल्या घासाला दचकायला होतं, आईनं दुसऱ्या घासानंतर मात्र चवीनं खाल्लं. माझ्या मते डोशापेक्षा कटलेट जास्त चांगलं. कॉफी साधी, गोड, गरम, साखर कमी हवी असेल तर आधीच सांगा. आम्हा दोघींचं पोटभर झालं आणि बिल पुण्यात एका माणसाच्या कॉफी-सँडविचएवढं. माझ्याकडून खाण्याला चार स्टार आणि जागेला पाच. सकाळी लवकर गेलात तर ऊन एका बाजूनं आत येतं आणि पूर्ण भिंतीवर जाळीचा ठसा पडतो, तेव्हाच वरपर्यंत चढून या, गर्दी झाल्यावर टेबल अडवून फोटो काढत बसू नका, खाली लोक ताटकळत असतात आणि त्यांची बस असते.

निघताना आई त्या काकांजवळ थांबली. भाषा एकमेकांची येत नाही. तिनं स्वतःच्या गुडघ्याला हात लावला, मग त्यांच्या गुडघ्याकडं बोट केलं. ते हसले, उजवा गुडघा चोळून दाखवला आणि ट्रे घेऊन परत वर गेले.